मेले नसतील, तर आजही जगतायत

जर्मनीतल्या आमच्या हानाऊच्या मुख्य चौकात ग्रिम बंधूंचा मोठा पुतळा आहे, १८९६ सालचा. थोरला याकोब उभा आहे, धाकटा विल्हेल्म बसलाय, त्याच्यापुढे उघडं पुस्तक. बुधवारी आणि शनिवारी त्यांच्या पायाशी आठवडी बाजार भरतो. इथे राहायला आल्यापासून, म्हणजे गेली सात वर्षं, माझे कांदे-बटाटे त्या दोघांच्या देखत पिशवीत पडतायत.

गेल्या जूनमध्ये आई तीन महिन्यांसाठी आली. (लेक तिला आजी म्हणते, इथे मीही आजीच म्हणते, नाहीतर दोन आयांचा घोळ होईल.) पहिल्याच शनिवारी तिला बाजारात घेऊन गेले. मुळ्याची जुडी हातात धरून ती वर बघत राहिली.

"हे कोण, पुढारी?"

"नाही गं. गोष्टी गोळा करणारे. इथेच जन्मले दोघं."

"गोष्टी गोळा केल्या म्हणून पुतळा उभारला?" थोडा वेळ थांबून म्हणाली, "बरं केलं."

ही पोस्ट त्या गोष्टींची आहे, पण त्याहून जास्त, गोष्टी संपल्यावर त्यातली माणसं कुठे जातात याची आहे. माझी लेक दहा वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर आमच्या घरात रात्री साडेआठ ते सव्वानऊ याच एका प्रश्नाचं राज्य होतं.

प्रश्नाचं मूळ जर्मन आहे. इंग्रजी परीकथेच्या शेवटी सगळे कायमचे सुखात नांदू लागतात. आपल्या कहाणीच्या शेवटी देव जसा त्यांना पावला तसा तुम्हा-आम्हाला पावतो आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. जर्मन गोष्टीचा शेवट वेगळा आहे. लेक बालवाडीतून तो पाठ करून आली होती: "उंट वेन झी निष्ट गेश्टॉर्बन झिंट, डान लेबन झी नॉख हॉयटं." म्हणजे, आणि मेले नसतील, तर आजही जगतायत.

हे वाक्य इथे प्रत्येकाच्या तोंडात आहे, इतकं की कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. मी बाहेरची, म्हणून मला ते ऐकू आलं. आपलं 'सुफळ संपूर्ण' म्हणजे डब्याचं झाकण घट्ट लावणं. आतलं पुण्य आपल्या वाटीत पडलं, गोष्ट बंद. जर्मन वाक्य दार लोटून घेतं, पण कडी लावत नाही. पाच वर्षांच्या मुलीने ते जसंच्या तसं घेतलं आणि विचारलं, "मग आत्ता कुठे राहतात?"

त्याच सुमारास बालवाडीत त्यांना लाल टोपीवालीची गोष्ट बाहुल्या हातात घालून दाखवली होती. लांडगा आजीला गिळतो, मुलीला गिळतो, शिकारी येऊन कात्रीने पोट फाडतो, दोघी बाहेर येतात आणि मग लांडग्याच्या पोटात दगड भरतात. तो उठून पळायला जातो आणि दगडांच्या वजनाने पडून मरतो. त्यानंतर कितीतरी आठवडे लेक रात्री उठून आमच्या खोलीत यायची. मला वाटलं लांडग्याला घाबरते. दिवा लावून पडद्यामागे दाखवायचे, कपाट उघडून दाखवायचे. एका रात्री ती माझ्या कुशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, ते दगड नंतर कुणी काढले का? त्याला दुखत असेल."

मला काहीही उत्तर देता आलं नाही. मी नुसतं तिला थोपटलं.

पहिलं औषध ग्रंथालयात सापडलं. जॅनेट आणि ॲलन आल्बर्ग या इंग्रज जोडप्याचं १९८६ सालचं 'द जॉली पोस्टमन'. एक पोस्टमन सायकलवरून परीकथेतल्या घरांना पत्रं वाटत जातो, एवढीच गोष्ट. पण पुस्तकात खरोखरची पाकिटं शिवलेली आहेत आणि पाकिटांत खरोखरची पत्रं. तीन अस्वलांना त्या सोनेरी केसांच्या मुलीचं माफीपत्र. चेटकिणीला सामानाची जाहिरात. राक्षसाला जॅकचं सहलीवरून आलेलं कार्ड. आणि लांडग्याला वकिलाची नोटीस! पत्ता, 'द्वारा आजीचं घर'. तो तिथे आजीचे कपडे घालून राहतोय आणि ते त्याने ताबडतोब थांबवावं, असं तीत बजावलंय.

ही नोटीस लेकीने मला किती वेळा वाचायला लावली असेल! पाकिटाची कड मऊ पडली होती, आधीच्या कितीतरी मुलांच्या बोटांनी. दोन बोटं आत घालून ती कागद बाहेर काढायची, उलगडायची, मला द्यायची, वाचून झालं की पुन्हा त्याच घडीवर दुमडून आत सरकवायची. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला कळलं की तिला नोटिशीत एवढं काय आवडलंय. नोटीस मेलेल्याला पाठवत नाहीत. वकील लिहितोय म्हणजे लांडगा जिवंत आहे, त्याला पत्ता आहे, त्याच्या दारात पोस्टमन येतो. त्याच्या पोटात दगड नाहीत.

ती रात्रीची यायची बंद झाली.

दुसरं पुस्तक बरंच नंतर आलं, ती नऊ वर्षांची असताना. मायकेल बकली या अमेरिकन लेखकाची 'द सिस्टर्स ग्रिम' ही मालिका, २००५ ते २०१२ या काळात आलेली नऊ पुस्तकं. सबरीना जवळजवळ बारा वर्षांची आणि डॅफ्नी सात. आईवडील नाहीसे झालेले, अनाथाश्रमाच्या फेऱ्या झालेल्या आणि एक दिवस दोघी न्यूयॉर्क राज्यातल्या फेरीपोर्ट लँडिंग नावाच्या काल्पनिक गावात आजीकडे येऊन पडतात. आजी मेली असं त्यांना सांगितलेलं असतं. ही आजी, रेल्डा ग्रिम, जर्मन वळणाचं बोलते, नातींना 'लीबलिंग' म्हणते आणि त्यांना सांगते की ग्रिम बंधूंनी गोष्टी लिहिल्या नव्हत्या, घडलेल्या घटनांची नोंद ठेवली होती. ती सगळी पात्रं खरी आहेत, अजून जिवंत आहेत आणि याच गावात राहतात. युरोपात त्यांचे हाल होऊ लागले तेव्हा विल्हेल्मने त्यांना जहाजात बसवून अमेरिकेला आणलं. पुढे माणसांशी बिनसायची वेळ आली, तेव्हा बाबा यागा या रशियन चेटकिणीकडून गावाभोवती मंत्राची भिंत घालून घेतली. पात्रांना बाहेर पडता येत नाही. आणि किंमत म्हणून एका तरी ग्रिमला कायम तिथेच राहावं लागतं.

लेकीचा पहिला आक्षेप: "विल्हेल्म अमेरिकेला कुठे गेला? तो तर चौकात बसलाय."

बरोबर आहे तिचं. खरा विल्हेल्म १८५९ साली बर्लिनमध्ये वारला, याकोब १८६३ साली, आणि दोघांच्या कबरी तिथेच शेजारी शेजारी आहेत. पण तिला जहाजाची कल्पना पटली. ती स्वतः तीन वर्षांची असताना विमानात बसून आलीय ना.

पुस्तकं इंग्रजीत, शाळा जर्मनमध्ये, घर मराठीत. तिचं इंग्रजी एवढं पुरेसं नव्हतं, म्हणून मी इंग्रजीवर डोळा ठेवून मराठीत वाचत गेले. रोज पंधरा-वीस पानं. ज्यांनी असं केलंय त्यांना ठाऊक आहे की जीभ कशी अडखळते. पहिल्याच प्रकरणात अडले, कारण त्या पात्रांना लेखकाने एक जातीवाचक नाव दिलंय, 'एव्हरआफ्टर्स'. म्हणजे गोष्टीच्या शेवटच्या वाक्यातूनच उचललेलं. मराठीत काय म्हणायचं? सदासुखी? चिरंजीव? चिरंजीव म्हटलं की मला लग्नपत्रिका दिसते. दोन रात्री मी नुसतं 'ती लोकं' म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या रात्री लेक म्हणाली, "अजूनवाले म्हण."

अजूनवाले. जे अजून आहेत ते. नऊ पुस्तकं संपली तरी आमच्या घरात तोच शब्द आहे.

फेरीपोर्ट लँडिंगचे अजूनवाले पोटापाण्याला लागलेले आहेत. तीन डुकरं पोलिसात आहेत. हिमगौरी शाळेत शिकवते. देखणा राजपुत्र गावाचा महापौर झालाय, आणि सिंड्रेलाचा, हिमगौरीचा, झोपलेल्या राजकन्येचा राजपुत्र हा एकच माणूस होता हे कळलं तेव्हा लेक अंथरुणात उठून बसली आणि डॅफ्नीसारखा स्वतःचा तळहात चावला. (डॅफ्नीला आनंद झाला की ती तळहात चावते. आमच्याकडे ही सवय अजून गेलेली नाही.)

आता माझं मत सांगते. परीकथेतल्या पात्रांना आजच्या शहरात आणणारी पुस्तकं आणि सिनेमे खूप झाले. बऱ्याच ठिकाणी नुसते कपडे बदलतात. राजकन्येच्या हातात मोबाइल द्यायचा, चेटकिणीला गाडी द्यायची, झालं. असलं पुस्तक लेक दोन दिवसांत बाजूला टाकते, आणि मी तिला दोष देत नाही. गावात घर घेऊन राहायचं म्हणजे कालचं केलेलं आज शेजारच्या ओट्यावर येऊन बसतं. ज्याला तुम्ही फसवलंत तो तुम्हाला दूध आणायला गेल्यावर भेटतो. बकलीला हे कळलंय. त्याचा जॅक घ्या, राक्षस मारणारा. (पहिलं पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद इथेच सोडा.) एके काळी जगभर नाव असलेला तो माणूस आता मोठ्या मापाच्या कपड्यांच्या दुकानात नोकरी करतो. वेलावर चढणारे हात सुटाच्या बाह्या मोजतायत. ते गमावलेलं नाव परत मिळवण्यासाठी तो पुढे जे काही करतो, ते वाचताना मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. लेकीला फक्त राग आला. दहा वर्षांच्या माणसाने गमावलेलं असं असतं किती.

आणि कॅनिस. रेल्डाआजीच्या घरात एक उंच, हडकुळा, अबोल म्हातारा राहतो. तिची जुनी खडखडणारी गाडी चालवतो, तिच्या पाठीशी उभा असतो. आम्ही तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत त्याला साधा सोबती समजत होतो. तो लांडगा आहे. तोच तो, लाल टोपीवालीचा. माणसाच्या रूपात, आतल्या जनावराला दर दिवशी धरून ठेवत जगणारा. आणि ज्या गावात त्याची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे, त्याच गावात.

ते पान वाचताना माझा आवाज बदलला असावा, कारण लेक एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे दगड काढले कुणीतरी."

पाच वर्षं. पाच वर्षं तो प्रश्न तिच्यात राहिला होता, आणि मला वाटत होतं ती विसरली.

मालिकेत पुढे, सहाव्या पुस्तकात, कॅनिसवर त्या जुन्या गुन्ह्यासाठी खटला भरतात. त्याचा वकील कोण, तर रॉबिन हूड. निकाल सांगत नाही. पण ते पुस्तक चालू असताना आजी आमच्याकडे होती, आणि तिथून आमचं वाचन माझ्या हातात राहिलं नाही.

आजीला इंग्रजी येत नाही. ती पलंगाच्या पायाशी भिंतीला टेकून बसायची, गुडघ्यांना तेल लावत, आणि माझं मराठी ऐकायची. मधल्या पुस्तकातून आत आली तरी दोन दिवसांत तिने नाती-गोती लावून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कॅनिस म्हणजे काय गं?" मी सांगितलं, लॅटिनमध्ये कुत्रा, आणि लांडग्याचं शास्त्रीय नावही त्याच शब्दाने सुरू होतं. "म्हणजे नावातच धरून दिलाय," आजी म्हणाली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

लेकीच्या वर्गात तेव्हा खऱ्या लांडग्यावर धडा चालू होता. जर्मनीत लांडगा दीडशे वर्षं जवळजवळ नव्हता. मारून संपवला होता. २००० साली पोलंडच्या सीमेजवळ, झॅक्सनीत, जंगलातल्या लांडगीला पिल्लं झाली, आणि आता देशात त्यांचे दोनशेहून जास्त कळप आहेत. मेंढ्या पाळणारे वैतागलेत, जंगलवाले खूश आहेत, आणि वर्गात दोन्ही बाजूंनी बोलायचं होतं. लेकीच्या वाट्याला मेंढपाळाची बाजू आली. ती रडकुंडीला आली होती. लांडग्याच्या विरुद्ध ती कशी बोलणार?

आजीने तेलाची वाटी बाजूला ठेवली. आजीचं माहेर सासवडच्या पलीकडे, माळरानाच्या कडेला. लांडगा तिथला रहिवासी, आजही आहे. पुणे, सोलापूर, नगरच्या माळांवर तो मेंढरांच्या मागे फिरतो. आजी सांगू लागली. दिवाळीनंतर धनगरांचे कळप तिच्या वडिलांच्या शेतात बसायला यायचे, खतासाठी. रात्री जाळीची वाघर लावून मेंढरं आत घ्यायची, चारी कोपऱ्यांना कुत्री. तरी एखाद्या पहाटे कोकरू गेलेलं असायचं. धनगरीण छाती पिटून शिव्या द्यायची. आणि कळपातला सगळ्यात म्हातारा बाबा चिलीम पेटवत म्हणायचा, "त्येलाबी प्वाट हाय."

"मग तुम्ही त्याला मारायचात?" लेक.

"कुणी मारायचेही. खोटं कशाला सांगू. पण बाबा नाही. तो कुत्री वाढवायचा."

लेकीने वर्गात हेच सांगितलं, जर्मनमध्ये: मी मेंढपाळ आहे, माझं कोकरू गेलं, मला राग आलाय, आणि मी अजून दोन कुत्री आणणार आहे. बाईंनी तिला विचारलं, हे कुठे वाचलंस? ती म्हणाली, "आजीकडे."

जुलैत आम्ही तिघी आल्सफेल्टला गेलो. हानाऊपासून ब्रेमेनपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटरचा एक 'परीकथा मार्ग' आहे, १९७५ साली आखलेला, आणि आल्सफेल्ट त्याच वाटेवरचं जुन्या लाकडी चौकटींच्या घरांचं गाव. तिथे लाल टोपीवालीचं कारंजं आहे. त्या भागाला श्वाल्म म्हणतात, आणि तिथल्या बायकांच्या जुन्या पेहरावात अंबाड्यावर बसणारी एक इवलीशी टोपी असते. कुमारिकांची लाल, लग्न झालेल्यांची हिरवी, पुढे वय वाढलं की जांभळी, आणि विधवांची काळी. मी हे फलकावरून वाचून आजीला सांगत होते. काळीपाशी मी जरा चाचरले.

"इथंही तेच का," आजी म्हणाली.

ती त्या दिवशी हिरवी साडी नेसली होती. बाबा गेल्यावर चार वर्षं तिने हिरवं अंगाला लावलं नव्हतं. तिने पदर हातात घेतला, कारंज्याच्या कठड्यावर बसली आणि लेकीला म्हणाली, "माझा एक फोटो काढ. त्या पोरीसोबत." तो फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे.

गंमत म्हणजे ती लाल टोपीवाली मूळची तिथली नाहीच. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने ती गोष्ट १६९७ साली छापली, आणि त्याच्या गोष्टीत सोडवायला कुणी येत नाही. लांडगा मुलीला खातो आणि संपलं. ग्रिम बंधूंना ती कासेलमध्ये हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणींनी सांगितली, ज्यांचं आजोळ फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेल्या ह्युगेनॉट लोकांपैकी होतं. म्हणजे गोष्ट सीमा ओलांडून आली, इथे शिकारी मिळाला, कात्री मिळाली, गावची टोपी मिळाली, आणि आता कारंज्यावर ती इथलीच म्हणून उभी आहे. मला हे समजलं त्या रात्री मी खूप वेळ जागी होते. माझी मुलगी इथे वाढतेय.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ग्रिमांच्या पुस्तकात शिकाऱ्यापाशी गोष्ट थांबत नाही. पुढे दुसरा लांडगा येतो. या वेळी मुलगी थेट आजीच्या घरी पोचते, दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर चढून बसतो. आदल्या दिवशी सॉसेज शिजवलेलं पाणी आजी नातीकडून दारातल्या दगडी डोणीत ओतून घेते. वास घेत घेत लांडगा मान लांब करतो, घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. शिकारी नाही, कुणी नाही. एक म्हातारी आणि एक पोर.

आजीला हे फार आवडलं. "ही बाई हुशार," म्हणाली. मग म्हणाली, "पण आपली म्हातारी जास्त हुशार."

आणि तिने दिवा बारीक करायला सांगून भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सुरू केली. लेकीने ती माझ्याकडून ऐकली होती, पण मी कधी अशी सांगितली नव्हती. आजीचा आवाज खाली जायचा, काठी टेकायचा, लांडग्यापाशी थरथरायचा. 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठलठ्ठ होईन, मग मला खा.' लांडगा म्हणतो बरं. वाघ म्हणतो बरं. म्हातारी लेकीकडे जाते, खाऊन-पिऊन गलेलठ्ठ होते आणि येताना भोपळ्यात बसून निघते. 'म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.'

गोष्ट संपली. लेक विचारात पडली होती. "आजी, तिने लांडग्याला मारलंच नाही?"

"नाही. कशाला मारायचं? बोलूनच भागलं."

"म्हणजे तो अजून वाटेवर थांबलाय. उपाशी."

"थांबला असेल."

"तो अजूनवाला आहे," लेक म्हणाली. मग तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं. ती आजीकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा तळहात तोंडाशी गेला. "आजी! तू लेकीकडे आलीस. तू रोज तूप-पोळी खातेस. तूच ती म्हातारी आहेस!"

आजी हसली नाही. तिने गंभीरपणे मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. व्हिसावाल्यांना तर नाहीच."

मला त्या वेळी चौकातल्या पुतळ्याची आठवण झाली, आणि डोरोथेआ फीमानची. कासेलजवळच्या एका खानावळवाल्याची ही मुलगी, एका शिंप्याची बायको. १८१३ पासून ती शहरात भाजीपाला विकायला यायची तेव्हा ग्रिमांकडे थांबून गोष्टी सांगायची. चाळीसच्या आसपास गोष्टी तिच्याकडून आल्या. १८१५ साली ती गेली. १८१९च्या आवृत्तीत दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला तिचं चित्र आहे, ग्रिमांच्या धाकट्या भावाने काढलेलं. चेहऱ्यावर सुरकुत्या, डोक्याला घट्ट बांधलेलं वस्त्र, नजर थेट. मी ते चित्र आजीला फोनवर दाखवलं. आजीने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "दमलीय," म्हणाली.

सप्टेंबरमध्ये तिला फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडलं. चाकाच्या खुर्चीवर बसवून एक मुलगा तिला आत घेऊन चालला. सुरक्षा तपासणीच्या आधी तो वळला तेव्हा लेक काचेला नाक लावून मोठ्याने ओरडली, "चल रे भोपळ्या!" आजीने मागे न बघता हात वर केला आणि बोटं टुणुक टुणुक नाचवली.

नववं पुस्तक आम्ही तिच्याशिवाय संपवलं. शेवटचं पान वाचून झाल्यावर लेकीने ते माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि जर्मन वाक्य स्वतःच म्हटलं, पहिला तुकडा गाळून. "मेले नसतील तर" एवढा भाग तिने घेतलाच नाही.

आजीशी रविवारी सकाळी व्हिडिओवर बोलणं होतं. हल्ली ती मामाकडे, माहेरच्या गावी राहायला गेलीय. मागच्या रविवारी तिच्या मागे अंगण दिसत होतं, ज्वारीची पेंढी रचलेली, आणि पलीकडे उघडा माळ. लेकीने नेहमीसारखं विचारलं, काय नवीन.

"परवा दिसला," आजी म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? तोच. दिवेलागणीला ओढ्याच्या काठाला गेले होते शेणी आणायला. बांधावर उभा. हडकुळा, पाय लांब लांब. माझ्याकडे बघत राहिला."

लेक स्क्रीनला जवळजवळ चिकटली. "घाबरलीस?"

"घाबरले की. लांडगा आहे तो."

"मग काय केलंस?"

"काय करणार? पाटी डोक्यावर, पळता येतंय थोडंच. म्हटलं, बाबा रे, लेकीकडनं आले परत, पण लठ्ठ काही झाले नाही. पुढच्या वर्षी बघ."

"आणि तो?"

"गेला ना. ऐकून घेतलं आणि गेला माळावर."